इन्सुलिन पूर्वी कशापासून काढत?

सांगली-मिरजेकडच्या एखाद्या जैन किंवा माळकरी घरात इन्सुलिन सुरू करायची वेळ आली की कुणीतरी वडीलधारं माणूस विचारतंच, “हे जनावरापासून काढतात ना?” प्रश्न वावगा नाही. साठेक वर्षं त्याचं खरं उत्तर ‘हो’ असंच होतं.

1889 मध्ये मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग या संशोधकांनी कुत्र्याचं स्वादुपिंड (पोटातली, इन्सुलिन तयार करणारी ग्रंथी) काढलं आणि त्याला मधुमेह झाला. आजाराचं मूळ कळलं, पण औषध हाती यायला 1921 उजाडलं. कॅनडातल्या टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट या संशोधकांनी आधी कुत्र्यांवर प्रयोग केले, मग कत्तलखान्यातून गुरांची स्वादुपिंडं आणली. 11 जानेवारी 1922 ला लेनर्ड थॉम्प्सन या 14 वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं. अर्क अशुद्ध होता, फारसा गुण आला नाही. त्यांचे सहकारी, रसायनतज्ज्ञ कॉलिप यांनी तो शुद्ध केल्यावर, 23 जानेवारीपासून, मुलाची साखर उतरली. त्याआधी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून आयुष्याचे थोडे दिवस वाढवून घेणं, एवढंच डॉक्टरांच्या हाती होतं. ज्या घरांनी पुढे मन घट्ट करून हे औषध घेतलं, त्यांना बोल लावताना हे आठवावं.

1923 पासून कारखान्यांतून माल येऊ लागला. सुमारे 2 टन ग्रंथींतून पाव किलोच्या आतच इन्सुलिन निघे. डुकराचं इन्सुलिन माणसाच्या इन्सुलिनपेक्षा एका अमिनो आम्लाने (प्रथिनाच्या साखळीतल्या एका कडीने) वेगळं, गाईबैलांचं तीन. इतकं साम्य असल्यानेच ते आपल्याला लागू पडलं. तरी त्यातल्या अशुद्धीमुळे आणि या फरकामुळे काहींना ॲलर्जी होई, टोचल्या जागी खड्डे पडत. काचेची सिरिंज रोज उकळावी लागे. फ्रिज नसेल तिथे बाटली मातीच्या मडक्यात गारव्याला ठेवत.

1978 मध्ये जिवाणूंकडून मानवी इन्सुलिन बनवून घेता आलं, 1982 मध्ये ते अमेरिकेत बाजारात उतरलं आणि 2003 नंतर भारतीय कंपन्याही ते बनवू लागल्या. त्यामुळे आज मिरजेच्या मेडिकलमध्ये मिळणारं इन्सुलिन जिवाणूंत किंवा यीस्टमध्ये तयार झालेलं असतं. आजोबांना हे निःशंकपणे सांगावं.

जुन्या काळातली एक गोष्ट मात्र आपल्याकडे टिकली आहे: एका मिलिलिटरला 40 युनिटची बाटली. इन्सुलिन टोचायच्या पेनची काडतुसं मिलिलिटरला 100 युनिटची असतात. 40 च्या सिरिंजचं टोपण लाल, 100 च्या सिरिंजचं नारिंगी. 100 चं औषध लाल टोपणाच्या सिरिंजने भरलं तर अडीचपट डोस जातो आणि साखर धोकादायक उतरते, म्हणून बाटली आणि सिरिंज दोन्हींवरचा आकडा दुकानातच ताडून घ्या.