श्रेयनामावली : संकल्पन आणि संदर्भशोध

चित्रपटाचे नाव आणि तो घडवणाऱ्या प्रमुख कलावंत-तंत्रज्ञांची नावे ज्या दृश्यमालिकेतून पडद्यावर येतात तिला श्रेयनामावली म्हणतात. चित्रपटव्यवसायात मात्र सर्रास ‘टायटल्स’ हाच शब्द चालतो. नावांचा क्रम आणि बऱ्याचदा अक्षरांचा आकारही करारांत ठरलेला असतो. त्यामुळे संकल्पकाची मोकळीक उरते ती अक्षरांचे वळण, त्यांची हालचाल, चित्र आणि ध्वनी यांपुरती.

सुरुवातीच्या काळात टायटल्स म्हणजे रंगवलेल्या पाट्यांचे छायाचित्रण असे आणि अमेरिकेतील अनेक चित्रपटगृहांत ती चित्रपटाच्या पडद्यापुढील मिटलेल्या कापडी पडद्यावरच दाखवली जात. हा रिवाज मोडण्यात सॉल बास (१९२०–१९९६) या संकल्पकाचा वाटा मोठा आहे. १९५५ च्या ‘द मॅन विथ द गोल्डन आर्म’साठी त्याने कातरलेल्या कागदाचा भासावा असा वेडावाकडा हात योजला, आणि त्या चित्रपटाच्या डब्यांवर प्रोजेक्टर चालवणाऱ्यांसाठी ‘टायटल्सच्या आधी पडदा उघडावा’ अशी सूचना चिकटवलेली होती. १९५९ च्या ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’मध्ये हिरव्या पृष्ठभूमीवर तिरक्या रेषांची जाळी उमटते, नावे त्या रेषांच्या कलाने सरकत येऊन थांबतात, आणि मग तीच जाळी न्यूयॉर्कमधील एका काचेच्या इमारतीचा दर्शनी भाग होते, ज्याच्या काचांत खालच्या रस्त्यावरील रहदारी दिसू लागते. रेषा कोठे संपली आणि इमारत कोठे सुरू झाली, हे पहिल्यांदा पाहताना सहसा ध्यानात येत नाही.

असे नमुने पाहण्यासाठी पूर्वी चित्रपटगृह किंवा फिल्म सोसायटीचा खेळ गाठावा लागे. आता ते आंतरजालावर सुटे मिळतात. इयन अल्बिन्सन यांनी २००७ मध्ये सुरू केलेल्या ‘आर्ट ऑफ द टायटल’ या संग्रहात दृश्यमालिकेबरोबर तिच्या स्थिरचौकटी आणि संकल्पकांच्या मुलाखतीही असतात. संदर्भ म्हणून मुलाखतीच अधिक मोलाच्या ठरतात, कारण फेटाळलेले आराखडे, अंदाजपत्रकाची ओढाताण आणि दिग्दर्शकाचे आक्षेप चौकटीत दिसत नाहीत. सुट्या नमुन्यांत एक धोकाही आहे : टायटल्स चित्रपटापासून तोडून पाहिली की त्यांची शैली उचलावीशी वाटते आणि तिचे प्रयोजन मागे राहते. काइल कूपर याने १९९५ च्या ‘सेव्हन’साठी केलेली थरथरती, हाताने खरवडलेली अक्षरे पुढे कितीतरी भयपटांत उतरली. मूळ दृश्यमालिकेत मात्र ती खुन्याच्या मनोवृत्तीशी बांधलेली आहेत, आणि वह्या शिवणारे, बोटांची कातडी ब्लेडने तासणारे त्याचे हात, प्रत्यक्ष कथेत तो समोर येण्याच्या खूप आधी, प्रेक्षकाला दिसतात. याउलट कुन्त्सेल आणि देगा या जोडीने २००२ च्या ‘कॅच मी इफ यू कॅन’साठी बासच्या काळाची शैली उघडपणे घेतली. ते शोभले, कारण कथाच १९६० च्या दशकातली होती. शिवाय आकृत्यांसाठी कोरलेले शिक्के वापरल्याने त्यांना हाताचा खडबडीतपणा आला.

संदर्भशोधाची साधी रीत अशी : दृश्यमालिका एकदा आवाज बंद करून पाहावी, एकदा नुसती ऐकावी, मग प्रत्येक नाव किती सेकंद टिकते ते मोजावे आणि शेवटी तिच्यानंतरचे पहिले दृश्य पाहावे. ही शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात.

मराठी संकल्पकापुढे आणखी एक अडचण येते. आंतरजालावरील बहुतांश नमुने रोमन लिपीतले असून त्यांतील हालचाल सुट्या अक्षरांवर बेतलेली असते. देवनागरीत तसे अक्षर अक्षराने शब्द विखुरला की शिरोरेषा तुटते, वेलांटी आपल्या व्यंजनापासून दूर पडते, आणि ‘त्र्यंबक’सारख्या शब्दातले जोडाक्षर तर वाचताच येत नाही. म्हणून शब्द सबंध हलवणे, किंवा शिरोरेषा आधी ओढून अक्षरे तिच्याखाली एकेक करून उतरवणे, अशा युक्त्या योजाव्या लागतात. अशा वेळी जवळचा संदर्भ चित्रपटाबाहेर सापडतो : कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी रेखाटलेली शीर्षके, ज्यांत अक्षराचे वळणच नाटकाची प्रकृती सांगते. ती स्थिर आहेत. पण त्यांतील एखादी वेलांटी किंवा उकार कोणत्या दिशेने हलला असता, हे कागदावर सहज ताडता येते.