कामगार वकील

मालक आणि कामगार यांच्यातील वाद, वेतन, बडतर्फी, कायमपणा, युनियनची मान्यता या विषयांत वकिली करणारी व्यक्ती. ही नोंद मुख्यतः महाराष्ट्रातील व्यवसायाविषयी आहे.

ज्या कायद्यावर ही वकिली उभी राहिली, त्यानेच वकिलाला दारात अडवले होते. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ च्या कलम ३६ नुसार समेट अधिकाऱ्यापुढे वकील चालत नसे. कामगार न्यायालयात उभे राहायलाही समोरच्या पक्षाची संमती आणि न्यायालयाची परवानगी लागे. मालकांनी यावर तोड काढली: वकिलालाच मालक-संघटनेचा पदाधिकारी करायचे. पारादीप बंदराच्या खटल्यात १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा पदाधिकाऱ्याला ही अट लागू नाही असे ठरवले. कामगारांच्या बाजूने सनद नसलेले युनियनचे पुढारी दावे चालवत आले आहेत, आणि उलटतपासणीत मुरलेला पुढारी नवख्या वकिलाला सहज भारी पडतो.

पात्रता इतर वकिलांसारखीच: तीन किंवा पाच वर्षांची कायद्याची पदवी, महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलची सनद, अखिल भारतीय बार परीक्षा. बाकीचे ज्येष्ठाच्या हाताखाली शिकायचे. पुढे बहुतेक जण एक बाजू धरतात, मालकाची किंवा कामगाराची. दोन्हीकडची कामे घेणाऱ्यावर युनियन सहसा भरवसा ठेवत नाही.

राज्यात या पेशाला खरे वळण दिले ते १९७१ च्या कामगार संघांना मान्यता व अनुचित श्रम प्रथा प्रतिबंध कायद्याने. तो १९७५ मध्ये अमलात आला. एरवी वाद सरकारने न्यायालयाकडे पाठवेपर्यंत कामगार ताटकळत बसे. या कायद्याने नव्वद दिवसांच्या आत थेट तक्रार करण्याची आणि अंतरिम आदेश मागण्याची सोय केली. त्यातील चौथ्या अनुसूचीची सहावी बाब या क्षेत्रातल्या वकिलांना तोंडपाठ असते: कायमपणाचे हक्क मिळू नयेत म्हणून माणसाला वर्षानुवर्षे बदली (गैरहजर कामगाराच्या जागी) किंवा हंगामी ठेवणे ही अनुचित प्रथा. मात्र २००१ मध्ये सिप्ला कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की कंत्राटी कामगार आमचा नाहीच असे मालक म्हणत असेल, तर ते नाते आधी दुसरीकडे सिद्ध करून यावे. कंत्राटी कामगारांच्या पुष्कळ तक्रारी या एका मुद्द्यावर अडल्या.

रोजचे काम भाषणबाजीचे नसते, कागदांचे असते. कामगाराने वर्षात २४० दिवस भरले का, हा नेहमीचा प्रश्न; तेवढे भरले की वर्षाची सलग सेवा धरली जाते. २००२ च्या एका निकालानुसार ते सिद्ध करण्याचा भार कामगारावर आहे. हजेरीपट मात्र मालकाच्या कपाटात. मग वकील ईएसआयचे (कामगार विमा योजनेचे) कार्ड, पीएफची पावती, गेटपास, फार काय दिवाळीच्या बोनसची चिठ्ठीसुद्धा मागवतो आणि हजेरीपट हजर करण्याचा अर्ज टाकतो.

बडतर्फीच्या दाव्याचे दोन टप्पे पडतात. पहिल्याला वकील ‘पार्ट वन’ म्हणतात. कंपनीची अंतर्गत चौकशी न्याय्य होती का आणि निष्कर्ष पुराव्याला धरून आहेत का, एवढेच त्यात ठरते. चौकशी रद्द झाली तरी कंपनीला न्यायालयात नव्याने पुरावा देता येतो, म्हणून कामगाराने पेढे वाटण्याची घाई करू नये. चौकशी टिकली तरी न्यायालय शिक्षा कमी करू शकते; १९४७ च्या अधिनियमात ही सोय कलम ११-अ मध्ये होती. दाव्याला वर्षे लागतात आणि हाती पगार नसलेल्या अशिलाकडून फी मिळणे कठीण. त्यामुळे कामगारांचे वकील बरेचदा युनियनच्या कामावर तगतात. कंपन्यांच्या वकिलांची कमाई सल्ला, वेतनकरार आणि २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्याखालील कामांतूनही होते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून २९ केंद्रीय कायद्यांच्या जागी चार श्रमसंहिता आल्या. औद्योगिक संबंध संहितेत कामगार न्यायालयाऐवजी दोन सदस्यांचे न्यायाधिकरण आहे, एक न्यायिक आणि एक प्रशासकीय. कामगारकपात करण्यासाठी किंवा कारखाना कायमचा बंद करण्यासाठी लागणाऱ्या सरकारी परवानगीची मर्यादा कारखान्यांसाठी शंभरावरून तीनशे कामगारांवर गेली आहे. वकिलावरची संमतीची अट मात्र नव्या संहितेतही कायम आहे.