ऑफिसच्या कामाने भारतात येताय? आधी पासपोर्ट कुठला ते बघा

न्यू जर्सीतल्या कंपनीने पुण्याच्या ऑफिसात तीन आठवडे पाठवायचं ठरवलं की पहिला फोन आईला जातो. कागदपत्रांची आठवण बॅग भरताना होते, कारण ‘आपल्याच देशात तर चाललोय’. सुट्टीवर येताना हे बऱ्याचदा खपून जातं, कामावर येताना नाही. इमिग्रेशनच्या खिडकीवर तुमचा जन्म सदाशिव पेठेतला आहे याचं कौतुक नसतं. पासपोर्ट कुठला आणि येण्याचं कारण काय, एवढ्या दोन प्रश्नांवर पुढचं सगळं ठरतं.

पासपोर्ट भारतीयच असेल तर

भारतात यायला काहीच लागत नाही. व्हिसा नाही, परवानगी नाही, कितीही दिवस राहा. घोळ होतो तो परत जाताना.

सगळ्यात जास्त अडकतात ते एच-वन-बी वाले, म्हणजे अमेरिकेच्या नोकरीच्या व्हिसावर असलेले. आय-७९७ हे मंजुरीचं पत्र हातात असलं म्हणजे झालं, असा समज अजूनही आहे. ते पत्र अमेरिकेत राहून काम करायला पुरतं. अमेरिकेत पुन्हा शिरायला पासपोर्टवर चालू तारखेचा व्हिसा लागतो, ज्याला आपण स्टॅम्पिंग म्हणतो. पूर्वी नूतनीकरणासाठी कागद ड्रॉपबॉक्समध्ये टाकले की मुलाखतीशिवाय काम व्हायचं. २ सप्टेंबर २०२५ पासून एच-वन-बीसाठी ती सोय गेली. त्याच सुमारास, अर्ज आपल्या नागरिकत्वाच्या किंवा राहण्याच्या देशातूनच करावा असा नियमही आला, त्यामुळे मेक्सिको-कॅनडाला जाऊन शिक्का मारून आणायची वाटही जवळजवळ बंद झाली. डिसेंबर २०२५ मध्ये अर्जदारांच्या सोशल मीडियाची तपासणी सुरू झाली तेव्हा भारतातल्या कितीतरी मुलाखती पुढच्या वर्षात ढकलल्या गेल्या. दोन आठवड्यांसाठी आलेली माणसं महिनोन्‌महिने इथून रात्रपाळी करत बसली.

म्हणून माझं मत सरळ आहे. पासपोर्टवरचा व्हिसा संपलेला असेल आणि मुलाखतीची तारीख पक्की नसेल, तर ऑफिसच्या कामासाठी येऊ नका. घरात लग्न किंवा आजारपण असेल तर गोष्ट वेगळी. मॅनेजरला ‘जमणार नाही’ असं सांगणं अवघड वाटतं, पण कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाकडून तेच वाक्य मेलवर मागवून घेतलं की काम सोपं होतं. तारीख मिळालेली असेल तर डीएस-१६० अर्जाची पोचपावती, मूळ पासपोर्ट, आय-७९७, कंपनीचं पत्र, अलीकडच्या पगारपावत्या आणि डब्ल्यू-२ (पगार आणि कापलेल्या कराचा वार्षिक दाखला) सोबत ठेवा. अर्जाचं शुल्क २०५ डॉलर आहे. मुलाखतीच्या आधी बोटांचे ठसे आणि फोटो यांची वेगळी भेट असते, म्हणजे मुंबईच्या दोन फेऱ्या धरा.

ग्रीन कार्डवाल्यांना ही धावपळ नाही. एक वर्षाहून जास्त बाहेर राहायचं असेल तर मात्र निघण्याआधी अमेरिकेतच री-एंट्री परमिटचा अर्ज करावा लागतो. दुबई-अबू धाबीच्या साध्या रेसिडेन्स व्हिसावर असाल तर सलग सहा महिने बाहेर राहिल्यावर तो रद्द होतो. पुण्यातला प्रोजेक्ट लांबत गेला आणि तिकडचा व्हिसा गेला, असं घडू शकतं.

पासपोर्ट परदेशी, ओसीआय कार्ड हातात

कामासाठी येणाऱ्याला याहून सोयीचा कागद नाही. ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना आणि त्यांच्या जोडीदारांना मिळणारा आयुष्यभराचा, कितीही वेळा येण्याचा व्हिसा. मीटिंग असो, ट्रेनिंग असो की भारतीय कंपनीतली चक्क नोकरी, वेगळा बिझनेस किंवा एम्प्लॉयमेंट व्हिसा लागत नाही. कितीही दिवस राहिलात तरी एफआरआरओकडे, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे, नोंदणी नाही.

पण ‘काहीही करता येतं’ हे खरं नाही. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेत काही कामांसाठी विशेष परवानगी सांगितली आहे: संशोधन, पत्रकारिता, मिशनरी किंवा तबलीगचं काम, गिर्यारोहण, आणि परदेशी वकिलातीत किंवा परदेशी सरकारच्या भारतातल्या संस्थेत इंटर्नशिप. वकिलातीतली नोकरीही त्यातच येते. अमेरिकेतल्या विद्यापीठात शिकवणारे एखादे प्राध्यापक भांडारकर संस्थेत हस्तलिखितं अभ्यासायला येतात, तेव्हा त्यांच्या मनात ती घरची वारी असते. नियमाच्या भाषेत ते संशोधन आहे. परदेशी वाहिनीसाठी दुष्काळावर फिल्म करायला आलेला साताऱ्याचा मुलगाही पत्रकारच ठरतो. परवानगी भारतीय दूतावासातून किंवा एफआरआरओकडून घ्यायची, आणि निघण्यापूर्वी घ्यायची. कंपनीच्या प्रयोगशाळेतलं काम संशोधनात मोडतं का, अशी शंका असेल तर दूतावासाला लेखी विचारा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा.

पासपोर्ट बदलला म्हणजे कार्ड बदलायचं, हा जुना नियम आता नाही. विसाव्या वर्षाआधी कार्ड घेतलं असेल, तर विशी ओलांडल्यावर पहिला नवा पासपोर्ट आला की एकदा कार्ड पुन्हा काढायचं. शिवाय विसाव्या वर्षापर्यंत दर नव्या पासपोर्टची प्रत आणि ताजा फोटो तीन महिन्यांत ऑनलाइन चढवायचा, आणि पन्नाशीनंतर एकदा. याला पैसे पडत नाहीत. तरीही हे न करता विमानतळावर पोचणारे दर वर्षी भेटतात.

ओसीआय नसेल तर

परदेशी नागरिकत्व घेतलं त्या दिवशी भारतीय नागरिकत्व संपतं. ड्रॉवरमधला निळा पासपोर्ट अजून चार वर्षं चालू दिसत असला, तरी त्यावर प्रवास करणं गुन्हा आहे. तो आधी दूतावासाकडे सरेंडर, म्हणजे रद्द करून घ्या आणि त्याचं सर्टिफिकेट घ्या. ओसीआयचा रस्ता तिथूनच सुरू होतो.

तुम्ही स्वतः किंवा आईवडील, आजी-आजोबा, पणजी-पणजोबा २६ जानेवारी १९५० रोजी किंवा त्यानंतर भारताचे नागरिक असतील, तर पात्रता आहे. १५ ऑगस्ट १९४७ नंतर भारतात आलेल्या प्रदेशातले लोकही बसतात, म्हणजे गोवेकरही. पूर्वजांपैकी कोणी पाकिस्तान किंवा बांगलादेशाचं नागरिक असेल तर अर्ज चालत नाही. जोडीदाराच्या नात्याने अर्ज असेल तर लग्न नोंदलेलं आणि सलग दोन वर्षं टिकलेलं हवं. कागद असे: चालू परदेशी पासपोर्ट, रद्द झालेला भारतीय पासपोर्ट, सरेंडर सर्टिफिकेट, नागरिकत्वाचं प्रमाणपत्र, पत्त्याचा पुरावा, चौकोनी फोटो. मुलांसाठी आईवडिलांची नावं असलेला जन्मदाखला. दाखल्यावर ‘सुनीता’ आणि पासपोर्टवर ‘सुनिता’ असेल तर प्रतिज्ञापत्र आताच करून ठेवा. अर्ज परत येण्याचं हे अगदी मराठी कारण आहे. अमेरिकेत शुल्क २७५ डॉलर, वर सेवा केंद्राचे पैसे.

पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन इंग्लंडात गेलेल्या गोवेकरांची अडचण निराळी होती. त्यांचे भारतीय पासपोर्ट सरेंडर म्हणून न घेता सरकार रद्दच करत असे, आणि सरेंडर सर्टिफिकेट नाही म्हणून ओसीआय अडायचं. २०२४ मध्ये पासपोर्ट रद्द केल्याचा आदेशही त्या सर्टिफिकेटच्या जागी धरण्याची सोय झाली.

ओसीआय यायला वेळ लागतो. सहल पुढच्या महिन्यात असेल तर ई-बिझनेस व्हिसा, म्हणजे ऑनलाइन मिळणारा व्यवसायाचा व्हिसा, काढा. मीटिंग, खरेदी-विक्री, प्रदर्शन, माणसं निवडणं, चालू प्रकल्पात तज्ज्ञ म्हणून येणं हे सगळं त्यात बसतं. निदान सहा महिने मुदत आणि दोन कोरी पानं असलेला पासपोर्ट, फोटो, व्हिजिटिंग कार्ड आणि भारतातल्या कंपनीचं निमंत्रणपत्र लागतं. प्रवासाआधी किमान चार दिवस अर्ज हवा. मी पंधरा म्हणेन. सरकारी संकेतस्थळासारखी दिसणारी खाजगी दुकानं भरपूर आहेत, पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’ने संपतो ना ते बघा. मुंबई, पुणे, नागपूर आणि गोव्याचे दोन्ही विमानतळ यासाठी चालतात. १ ऑक्टोबर २०२५ पासून व्हिसावर येणाऱ्याने उतरण्याआधीच्या ७२ तासांत ई-अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं असतं, फुकट.

भारतीय कंपनीच्या पगारावर नोकरी करायची असेल तर हा व्हिसा चालत नाही. तिथे एम्प्लॉयमेंट व्हिसा, आणि त्याला साधारणपणे वर्षाला किमान १६.२५ लाख रुपये पगाराची अट. शिवाय व्हिसावर येऊन कोथरूडला आत्याकडे उतरलात, तर परदेशी पाहुणा आल्याची ऑनलाइन नोंद २४ तासांत करणं आत्याची जबाबदारी. तिला हे आधी सांगा.

दिवस मोजा

कामाच्या सहलीत खरा पैसा इथे अडकतो. आर्थिक वर्षात १८२ दिवस भारतात राहिलात की तुम्ही करासाठी निवासी. ६० दिवसांचीही एक अट आहे, पण बाहेरून भेटीला येणाऱ्या भारतीय नागरिकाला आणि भारतीय वंशाच्या माणसाला तिथेही १८२ ची सवलत मिळते. अपवाद असा की भाडं, व्याज, शेअर वगैरे मिळून भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल, तर मर्यादा १२० दिवसांवर येते (आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात झाले असतील तर). तेव्हाही परदेशातली कमाई बहुतेक करून सुटते, पण विवरणपत्र भरताना सीए लागतोच. वर्ष १ एप्रिलला बदलतं याचा फायदा घ्या: १० फेब्रुवारी ते २० एप्रिल राहिलात तर एका वर्षात ५० दिवस, दुसऱ्यात २०. येण्याचा आणि जाण्याचा, दोन्ही दिवस धरा.

निवासी नसलात तरी भारतात बसून केलेल्या कामाचा पगार भारतात मिळालेलं उत्पन्न मानला जातो, खातं न्यू जर्सीत असलं तरी. भारत-अमेरिका करारातलं कलम १६ सूट देतं. दिवस १८३ पेक्षा जास्त नकोत, मालक भारतीय नको, आणि पगाराचा बोजा कंपनीच्या भारतातल्या शाखेवर नको. तिसऱ्या अटीकडे कोणी बघत नाही. पुण्याच्या ऑफिसने तुमच्या पगाराचं बिल उचललं की सूट गेली. निघण्याआधी एचआरला एवढंच विचारा: ‘माझा खर्च कोणाच्या खात्यावर?’ उत्तर लेखी घ्या. सूट मागायला अमेरिकेच्या कर खात्याचं रहिवासी प्रमाणपत्र, फॉर्म ६१६६, लागतं. ते मिळायला महिने जातात.

बॅगेत काय

निमंत्रणपत्र, कंपनीचं पत्र आणि परतीचं तिकीट कागदावर छापून हातातल्या बॅगेत ठेवा. उतरल्यावर फोनला नेटवर्क असेलच असं नाही. एक लॅपटॉप करमुक्त आहे. दाखवायला आणलेली कंपनीची यंत्रं किंवा नमुने मात्र कपड्यांत गुंडाळून आणू नका, त्यासाठी एटीए कार्ने, म्हणजे माल तात्पुरता करमुक्त आणून परत नेण्याचा कस्टम्सचा कागद, घ्या. ट्रेकची आवड असणाऱ्यांच्या सॅकमध्ये सॅटेलाइट मेसेंजर (उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र) असतो. परवान्याशिवाय तो भारतात बेकायदा आहे आणि गोव्याच्या विमानतळावर त्यापायी परदेशी प्रवाशांना अटक झालेली आहे. तो घरीच ठेवा.