जपानी रेंजफाइंडर कॅमेरे

३५ मिमी. फिल्मवर चालणारे आणि चित्रविषयाचे अंतर प्रकाशीय अंतरमापकाने, म्हणजे रेंजफाइंडरने, ठरवणारे जे कॅमेरे जपानमध्ये मुख्यतः १९३६ ते १९८० या काळात तयार झाले, त्यांचा हा वर्ग आहे. निकॉन व कॅनन यांचे भिंग बदलता येणारे महागडे कॅमेरे आणि यशिका, ऑलिंपस, मिनोल्टा, कोनिका आदी कंपन्यांचे पक्क्या भिंगाचे घरगुती कॅमेरे, असे त्याचे दोन ठळक प्रवाह आहेत. जर्मन लायका व कॉन्टॅक्स यांच्या अनुकरणातून या कॅमेऱ्यांचा आरंभ झाला. परंतु अचूक फोकसची ही यंत्रणा सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आणली ती जपानी कारखान्यांनी, आणि या वर्गाचे खरे महत्त्व तेथे आहे.

कॅमेऱ्याच्या वरच्या भागात समोरून दोन खिडक्या दिसतात. मोठ्या खिडकीतून दृश्य थेट डोळ्यापर्यंत येते. काही सेंटिमीटर अंतरावरच्या लहान खिडकीतून शिरलेला प्रकाश आरशाने वा लोलकाने वळवला जातो आणि अर्धपारदर्शक आरशावरून परावर्तित होऊन त्याच दृश्याच्या मधोमध एका लहान पिवळसर चौकोनात उमटतो. भिंगावरील फोकसची कडी फिरवली की तिच्याशी जोडलेला दांडा या आरशाला किंचित कलवतो आणि चौकोनातील दुय्यम प्रतिमा आडवी सरकू लागते. दाराच्या चौकटीची किंवा चष्म्याच्या काडीची दुहेरी दिसणारी कड एकावर एक बसली की भिंग त्या अंतरावर स्थिरावले असे समजावे. दोन खिडक्यांमधील अंतर जितके जास्त आणि व्ह्यूफाइंडरचे, म्हणजे दृश्य पाहण्याच्या खिडकीचे, वर्धन जितके मोठे, तितकी ही जुळणी नेमकी होते. दृश्य भिंगातून पाहायचे नसल्यामुळे आत हलणारा आरसा लागत नाही. म्हणून शटर दाबताना धक्का कमी बसतो, आवाज हलका होतो आणि ऐन क्षणी डोळ्यासमोर अंधार येत नाही. चौकटीच्या बाहेर काय चालले आहे, कोण आत येऊ पाहत आहे, हेही दिसत राहते. रस्त्यावरच्या छायाचित्रणात या गुणाला तोड नाही. उलट, पाहणारी खिडकी आणि भिंग वेगवेगळ्या जागी असल्याने जवळच्या वस्तूंची चौकट चुकते, बहुतेक भिंगे ८० सेंमी. ते १ मीटरच्या आत फोकस होत नाहीत, आणि १३५ मिमी.पेक्षा अधिक केंद्रांतराच्या, म्हणजे दूरचे दृश्य जवळ आणणाऱ्या, भिंगांसाठी ही पद्धत अपुरी पडते.

टोकियोतील सेइकी कोगाकू या छोट्या प्रयोगशाळेने, म्हणजे पुढच्या कॅनन कंपनीने, १९३४ मध्ये ‘क्वॅनॉन’ हा नमुना जाहीर केला. बोधिसत्त्व अवलोकितेश्वराच्या जपानी रूपाचे ते नाव होते. १९३६ मध्ये बाजारात आलेल्या ‘हान्सा कॅनन’ला भिंग व अंतरमापकाचे प्रकाशीय भाग निप्पॉन कोगाकूने पुरवले होते. पुढे हीच निप्पॉन कोगाकू निकॉन या नावाने कॅननची मोठी प्रतिस्पर्धी झाली. महायुद्धानंतर लष्करी दुर्बिणी व दूरदर्शकांची मागणी संपल्यावर तिने १९४८ मध्ये ‘निकॉन १’ काढला. त्याची फिल्मवर उमटणारी चौकट २४×३२ मिमी. होती. त्यामुळे एका रोलमध्ये अधिक छायाचित्रे बसत, परंतु अमेरिकेतील स्लाइड कापणाऱ्या यंत्रांना हे माप जुळत नव्हते आणि तेथील निर्यात अडली. प्रथम २४×३४ व अखेर १९५४ च्या ‘एस२’मध्ये २४×३६ मिमी. अशी माघार घ्यावी लागली.

जपानी भिंगांची कीर्ती कोरियन युद्धाच्या वेळी पसरली. ‘लाइफ’ या अमेरिकी साप्ताहिकाचे छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन १९५० मध्ये टोकियोत असताना जून मिकी या जपानी छायाचित्रकारामुळे त्यांना निप्पॉन कोगाकूच्या ८५ मिमी. निक्कोर भिंगाची ओळख झाली. कारखान्यात जाऊन खात्री करून घेतल्यावर त्यांनी आपल्या लायका कॅमेऱ्यांना निक्कोर भिंगे लावली आणि युद्धभूमी गाठली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने या भिंगांची दखल घेतली. जपानी माल म्हणजे हलका माल, हा पाश्चात्त्य बाजारातील समज त्यानंतर ओसरू लागला. १९५४ पासून निर्यातीच्या कॅमेऱ्यांची तपासणी करणारी संस्थाही कामाला लागली. तिचे सोनेरी लंबगोल चिकटपत्र अनेक जुन्या कॅमेऱ्यांवर आजही आढळते.

१९५७ चा ‘निकॉन एसपी’ हा या परंपरेचा कळस मानावा लागतो. २८ ते १३५ मिमी.पर्यंतच्या सहा भिंगांच्या चौकटी त्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये होत्या आणि त्यांपैकी २८ व ३५ मिमी.साठी शेजारी वेगळी खिडकी होती. मात्र याच कॅमेऱ्याच्या सांगाड्यात आरशाची पेटी बसवून निप्पॉन कोगाकूने १९५९ मध्ये ‘निकॉन एफ’ हा एसएलआर, म्हणजे आरशाच्या साह्याने भिंगातूनच दृश्य दाखवणारा, कॅमेरा घडवला आणि व्यावसायिक छायाचित्रकार झपाट्याने तिकडे वळले. कॅननने १९६१ मध्ये ‘कॅनन ७’साठी एफ/०.९५ छिद्राचे (आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे व प्रकाश अधिक) ५० मिमी. भिंग काढले. तो पराक्रम मोठा होता, पण बाजाराची दिशा त्याने बदलली नाही.

रेंजफाइंडर त्यानंतर घराघरांत जगला. १९६१ च्या ‘कॅननेट’ने स्वयंचलित उद्भासन (एक्स्पोजर) आणि मोठ्या छिद्राचे भिंग माफक किमतीत दिले. १९६२ मध्ये अमेरिकी अंतराळवीर जॉन ग्लेन यांनी पृथ्वीप्रदक्षिणेत वापरलेला अ‍ॅन्स्को कॅमेरा मुळात मिनोल्टाचा ‘हाय-मॅटिक’ होता. ऑलिंपस ‘३५ एसपी’ (१९६९), कॅननेट ‘जी-३ क्यूएल१७’ (१९७२) आणि कोनिका ‘ऑटो एस३’ (१९७३) यांची भिंगे आजही उत्तम छायाचित्रे देतात. यांतील शटर भिंगातच, पात्यांचे असल्याने ते जवळजवळ निःशब्द चालते आणि कोणत्याही वेगाला फ्लॅश वापरता येतो.

१९६६ च्या ‘यशिका इलेक्ट्रो ३५’चा स्वतंत्र उल्लेख आवश्यक आहे. त्याचे भिंग ४५ मिमी. एफ/१.७ आहे. वापरणाऱ्याने फक्त छिद्र निवडायचे. शटर किती वेळ उघडे ठेवायचे ते इलेक्ट्रॉनिक परिपथ ठरवतो आणि अंधारात ही मुदत कित्येक सेकंदांपर्यंत लांबते. प्रकाश जास्त असेल तर लाल बाण आणि कमी असेल तर पिवळा बाण उजळतो. बॅटरी संपली तरी शटर चालते, परंतु फक्त १/५०० सेकंदाला. जुना नमुना विकत घेताना फिल्म पुढे सरकवणारा खटका ओढून कान द्यावा. ‘टक’ असा स्पष्ट आवाज आला नाही, तर आतली एक लहान गादी झिजून विरघळली आहे असे समजावे; मग प्रकाशमापन बेभरवशाचे होते आणि वरचा भाग उघडल्याशिवाय दुरुस्ती होत नाही.

१९७७ मध्ये कोनिकाच्या ‘सी३५ एएफ’ने स्वयंचलित फोकस बाजारात आणला. त्यातही दोन खिडक्यांतून आलेल्या प्रतिमांचीच तुलना होत असे. जुळणी डोळ्याऐवजी संवेदक करू लागला, इतकाच फरक. योशिहिसा माइतानी यांनी आखलेला ऑलिंपसचा खिशात मावणारा ‘एक्सए’ (१९७९) आणि त्यानंतरचा मिनोल्टाचा ‘सीएलई’ हे या परंपरेतील अखेरचे महत्त्वाचे टप्पे होत. पुढे मामियाने १९९५ मध्ये ६×७ सेंमी. चौकटीचा ‘मामिया ७’ काढला, कोसिनाने ‘बेसा’ मालिका आणली, आणि निकॉनने ‘एस३’ व ‘एसपी’ यांच्या मर्यादित आवृत्त्या अनुक्रमे २००० व २००५ मध्ये पुन्हा घडवल्या.

या कॅमेऱ्यांची देखभाल कठीण नाही, पण ती नियमित हवी. १.३५ व्होल्टच्या पारायुक्त बॅटऱ्या आता मिळत नाहीत. जस्त-वायू बॅटरी वापरावी किंवा व्होल्टेज उतरवणारे अडॅप्टर लावावे. मागील दाराचा फेस चिकट झाला असेल, तर तो खरवडून नवा बसवावा, अन्यथा फिल्मवर प्रकाशाचे पट्टे उमटतात. दूरच्या मनोऱ्याच्या दोन प्रतिमा फोकस अनंतावर असताना जुळत नसतील, तर अंतरमापक समायोजित करून घ्यावा. कोकण, गोवा व मुंबईच्या पावसाळी हवेत भिंगावर बुरशीचे जाळे धरते आणि ते फार काळ राहिले तर काचेवरील लेपही खाते. म्हणून कॅमेरा मूळच्या चामडी आवरणात ठेवू नये, कारण चामडे ओल धरून ठेवते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह तो ठेवावा आणि जेल वेळोवेळी गरम करून वाळवावे.