डिस्नीलँडची जादू आणि पुन्हा पुन्हा येणारे पाहुणे : पार्श्वभूमी

कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइमच्या डिस्नीलँडमध्ये वर्षानुवर्षं जाणाऱ्या लोकांत एक वाद कायम रंगतो: पार्कची जादू अजून टिकून आहे की ओसरली? कोणी गर्दीला दोष देतं, कोणी तिकिटांच्या दरांना. कुणाला लाडकी राइड बंद झाल्याचं दुःख अजून सलतं. हा वाद नवा नाही. तो समजून घ्यायचा तर इथे येणाऱ्या पाहुण्याचा दिवस १९५५ पासून कसा आखला गेला आणि कसा विकला गेला, हे पाहायला हवं. माझं मत आधीच सांगतो. राइड्स बदलल्यामुळे जेवढं नुकसान झालं, त्यापेक्षा कितीतरी जास्त नुकसान पाहुण्याच्या हातातला मोकळा वेळ गेल्यामुळे झालं.

१७ जुलै १९५५ चा उद्घाटनाचा दिवस पार फसला होता. कडक ऊन, खोटी तिकिटं घेऊन घुसलेली माणसं, ताज्या डांबरात रुतणाऱ्या चपलांच्या टाचा, प्लंबरांच्या संपामुळे अपुरे पडलेले पाण्याचे नळ. पार्कच्या उभारणीत एबीसी वाहिनीचा पैसा होता, त्यामुळे हा सोहळा दूरचित्रवाणीवर थेट दाखवला जात होता. संत्र्यांच्या बागा काढून, साधारण वर्षभरात, सुमारे १ कोटी ७० लाख डॉलर खर्चून पार्क उभं केलं होतं आणि घाईच्या खुणा जागोजागी दिसत होत्या. वॉल्ट डिस्नी यांना त्याची फार चिंता वाटली नसावी. चित्रपट एकदा पूर्ण होऊन बाहेर पडला की त्याला हात लावता येत नाही, पार्क मात्र कायम सुधारता येतं, असं ते म्हणत. डिस्नीलँड कधीच पूर्ण होणार नाही, हेही त्यांनी जाहीरपणे सांगितलं होतं.

पुन्हा येणाऱ्या पाहुण्याचा विचार तेव्हापासूनच होता, याची साक्ष ‘जंगल क्रूझ’ देते. कृत्रिम नदी, बोट, काठावर यांत्रिक प्राणी आणि माहिती सांगणारा नावाडी अशी ही पहिल्या दिवसापासूनची राइड. वॉल्ट पार्कात फिरायचे आणि लोकांचं बोलणं कान देऊन ऐकायचे. एकदा त्यांच्या कानावर एका आईचं बोलणं पडलं. मुलाला जंगल क्रूझमध्ये बसायचं होतं आणि ती त्याला समजावत होती की ती तर आपण मागच्या वेळीच केली, आता पुन्हा कशाला? वॉल्टना ते लागलं. पुढे १९६२ मध्ये या नदीत अंघोळ करणाऱ्या हत्तींचा डोह आला आणि मार्क डेव्हिस या ॲनिमेटरच्या कल्पनेतून राइडला विनोदी रूप मिळत गेलं. एकदा पाहिलेली गोष्ट दुसऱ्यांदा पाहावीशी वाटली पाहिजे, ही जबाबदारी पार्काने स्वतःकडे घेतली होती.

याच राइडबद्दल आणखी एक किस्सा पार्कातली जुनी माणसं सांगत आली आहेत. सात मिनिटांची फेरी नावाड्याने साडेचार मिनिटांत उरकल्याचं वॉल्टच्या लक्षात आलं आणि ते भयंकर संतापले. मग नावाड्यांचा सराव नव्याने घेतला गेला. मला हा किस्सा महत्त्वाचा वाटतो. त्यांचा राग राइड नीरस झाली म्हणून नव्हता. पाहुण्याची मिनिटं मारली गेली, याचा तो राग होता.

पार्कची घडणही अशीच, सावकाश पाहणाऱ्याला आणि दहाव्यांदा येणाऱ्याला काही ना काही देणारी. प्रवेशद्वारातून आत आल्यावर लागणाऱ्या मेन स्ट्रीट या रस्त्यावरच्या इमारतींचे तळमजले जवळजवळ खऱ्या मापाचे आहेत आणि वरचे मजले लहान होत गेले आहेत, त्यामुळे इमारती उंच वाटतात पण अंगावर येत नाहीत. त्या रस्त्याच्या टोकाला दिसणारा परीकथेतला किल्ला जेमतेम ७७ फुटांचा आहे. बाहेरचं शहर दिसू नये म्हणून पार्काभोवती मातीचा बांध घातला आहे. पहिल्यांदा येणाऱ्याला यातलं काही जाणवत नाही, तो किल्ल्याकडे ओढला जातो आणि ते योग्यच आहे. पुढच्या खेपांमध्ये मात्र नजर वर जाते. मेन स्ट्रीटच्या वरच्या खिडक्यांवर पार्क घडवणाऱ्यांची नावं रंगवलेली दिसतात, जणू तिथे त्यांची दुकानं किंवा कचेऱ्या असाव्यात. अग्निशमन केंद्राच्या वर वॉल्ट यांची राहण्याची छोटी जागा होती, तिच्या खिडकीत त्यांच्या स्मरणार्थ दिवा लावलेला असतो. पार्कातल्याच न्यू ऑर्लिन्स स्क्वेअर या विभागाच्या रेल्वे स्टेशनवर टेलिग्राफची टकटक ऐकू येते. ती लक्ष देऊन उलगडली तर वॉल्टच्या उद्घाटनाच्या भाषणाची सुरुवात निघते.

एक उदाहरण तर मला फारच आवडतं. २००१ मध्ये गाणाऱ्या यांत्रिक अस्वलांचा जुना कार्यक्रम बंद झाला आणि त्या जागी विनी द पूहची राइड आली. जुन्या कार्यक्रमात भिंतीवर टांगलेली तीन बोलकी मुंडकी होती: सांबर, गवा आणि मूस. ती काढून टाकली असं लोकांना वाटलं. पण नव्या राइडमध्ये एका दालनातून बाहेर पडताना मागे वळून वर पाहिलं की ती तिघं अंधारात तशीच टांगलेली दिसतात. सगळ्या प्रवाशांचं तोंड पुढे असतं, म्हणून ती फक्त माहीत असलेल्यालाच सापडतात. जुन्या पाहुण्यासाठी जादू म्हणतात ती ही. त्याला आता थक्क व्हायचं नसतं, ओळख पटायला हवी असते. आणि ओळख पटायला रेंगाळावं लागतं.

हे रेंगाळणं सुरुवातीच्या तिकीटपद्धतीत आपोआप साधायचं. मोठ्यांना प्रवेशासाठी १ डॉलर आणि प्रत्येक राइडचे पैसे वेगळे, अशी सुरुवात झाली. ऑक्टोबर १९५५ मध्ये कुपनांच्या पुस्तिका आल्या. आधी ए, बी, सी अशा तीन श्रेणी होत्या, १९५६ मध्ये डी आली आणि १९५९ मध्ये मॅटरहॉर्न हा डोंगरातला रोलरकोस्टर, पाणबुडी व मोनोरेल सुरू झाल्यावर सर्वांत वरची ई. पुस्तिकेत ई कुपनं मोजकीच असायची. ती जपून वापरायची आणि मधला वेळ घोड्यांच्या ट्रॉलीत, छोट्या राइड्समध्ये, नदीकाठी घालवायचा. कुपनं उरली तर पुढच्या वेळी चालायची, त्यामुळे कितीतरी घरांच्या खणांत ए आणि बीची कुपनं पडून राहिली. माणसं आपोआप पार्कभर विखुरली जायची. दर राइडमागे पैसे मोजणं कुणालाच गोड वाटत नसणार. तरी त्या पद्धतीत दिवसाचा वेग संथ राहायचा, हे मान्य करायला हवं.

१५ डिसेंबर १९६६ ला वॉल्ट गेले. ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ ही समुद्री चाच्यांची राइड मार्च १९६७ मध्ये सुरू झाली, ‘हाँटेड मॅन्शन’ ही भुताच्या वाड्याची राइड १९६९ मध्ये. आज जुने पाहुणे ज्या डिस्नीलँडसाठी हळवे होतात, त्याचा मोठा भाग असा वॉल्ट यांच्यानंतरचा आहे.

१९८२ मध्ये कुपनं गेली. १२ डॉलरचा पासपोर्ट घेतला की दिवसभर हव्या त्या राइड्स. इतर अनेक अमेरिकन पार्कांनी ही पद्धत आधीच धरली होती. आता प्रत्येकाने मोठ्या राइड्सकडे धाव घेणं साहजिक होतं, आणि रांगा लांबल्या. त्याच दशकात वार्षिक पास आले आणि पुन्हा येणाऱ्या पाहुण्याची एक वेगळी जमात तयार झाली. दक्षिण कॅलिफोर्नियातली माणसं संध्याकाळी दोन तास चक्कर मारायला, नुसता आतषबाजीचा खेळ बघायला येऊ लागली. ‘आज सगळं उरकायचं’ हे ओझं पासधारकांवर नव्हतं. एकही राइड न करता, बाकावर बसून बँड ऐकून घरी जाणारे लोक त्यांच्यात होते. पार्क खऱ्या अर्थाने त्यांना कळलं होतं असं मला वाटतं. पर्यटनाला आलेल्या कुटुंबांना मात्र हीच मंडळी गर्दीचं कारण वाटायची. तो तंटा आजही मिटलेला नाही.

नव्वदच्या दशकात खर्चकपातीचे वारे वाहू लागले आणि नियमित येणाऱ्यांच्या नजरेला रंगाचे पोपडे, मालवलेले दिवे आधी टिपले गेले. स्कायवे हा तारेवरून जाणारा पाळणा १९९४ मध्ये गेला, पाणबुड्या १९९८ मध्ये थांबल्या. पीपलमूव्हर १९९५ मध्ये बंद झाला. हा टुमॉरोलँड या भविष्याच्या कल्पनेवर रचलेल्या विभागावरून उंचावर हळूहळू फिरणारा डब्यांचा ताफा. थरार शून्य, पण पाय दुखले की बसायला, वारा खायला आणि वरून सगळं पाहायला त्याच्यासारखं काही नव्हतं. त्याच मार्गावर १९९८ मध्ये रॉकेट रॉड्स नावाची वेगवान राइड आणली. ती सारखी बिघडत राहिली आणि २००० मध्ये संपली. मार्ग तसाच रिकामा उभा राहिला. या काळातली सर्वांत वाईट घटना सप्टेंबर २००३ मधली: बिग थंडर माउंटन या रोलरकोस्टरच्या अपघातात एका तरुणाचा जीव गेला आणि सदोष देखभाल हे कारण चौकशीत पुढे आलं. २००५ च्या पन्नासाव्या वर्षासाठी पार्कची मोठी डागडुजी आणि रंगरंगोटी झाली, तेव्हा नाराज झालेल्या अनेकांनी पार्क पुन्हा आपलंसं केलं.

बदलांविरुद्धची ओरड मात्र प्रत्येक वेळी सारख्या वजनाची नसते. पायरेट्समध्ये बायकांच्या मागे धावणारे चाचे १९९७ मध्ये बदलले आणि २०१८ मध्ये नववधूंच्या लिलावाचं दृश्य गेलं. स्प्लॅश माउंटन ही राइड १९४६ च्या ज्या चित्रपटावर आधारलेली होती, त्यातल्या कृष्णवर्णीयांच्या चित्रणावर कित्येक दशकं टीका होत होती. ती २०२३ मध्ये बंद होऊन नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथे टियानाज बायू ॲडव्हेंचर सुरू झाली. हे बदल मला योग्यच वाटतात. कुणाचं तरी बालपण त्या राइडशी जोडलेलं असतं आणि ते दुःख खरं असतं. पण ज्या दृश्याने दुसऱ्या कुणाचा अपमान होतो, ते त्या दुःखाखातर ठेवता येत नाही. पीपलमूव्हर जाण्याला असं कोणतंच कारण नव्हतं.

वेळेच्या बाबतीतलं खरं वळण १९९९ मध्ये फास्टपासने आणलं. राइडजवळच्या यंत्रात तिकीट घालायचं, परत येण्याची वेळ छापलेली चिठ्ठी मिळायची आणि त्या वेळी छोट्या रांगेतून आत. सोय फुकट होती आणि लोकांना आवडली. पण पाहुण्याच्या दिवसात पहिल्यांदा घड्याळ शिरलं. चिठ्ठी घेतलेली माणसं रांगेऐवजी रस्त्यांवर आली आणि नेहमीची रांग आणखी हळू सरकू लागली. २०१६ पासून दिवसागणिक वेगळे तिकीटदर सुरू झाले. २०१९ मध्ये ‘स्टार वॉर्स’ची नवी वसाहत उघडण्याआधी रस्ते रुंद करण्यासाठी फुलझाडांचे कट्टे आक्रसले. चालायला जागा झाली, टेकायला कमी झाली.

मग मार्च २०२० मध्ये साथ आली आणि पार्क ४१२ दिवस बंद राहिलं. ३० एप्रिल २०२१ ला दारं उघडली तेव्हा मेन स्ट्रीटवर हात हलवत उभ्या असलेल्या कर्मचाऱ्यांना पाहून कित्येकांना रडू फुटलं. जादूचा पुरावा मागणाऱ्यांनी तो दिवस आठवावा. मात्र त्याआधीच जानेवारीत जुने वार्षिक पास रद्द झाले होते. ऑगस्टमध्ये त्यांच्या जागी ‘मॅजिक की’ आली आणि तिच्यासोबत आधी आरक्षण करण्याची अट. १,३९९ डॉलरच्या सर्वांत महागड्या कीसाठी वर्षात एकही दिवस वर्ज्य नाही अशी जाहिरात होती, तरी आरक्षण मिळेना म्हणून खटला झाला आणि २०२३ मध्ये ९५ लाख डॉलरवर तडजोड झाली. पैशांपेक्षा मला इथे दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. संध्याकाळी मनात आलं आणि चक्कर मारून आलो, ही सवय मोडली. पासधारक असण्यातलं सगळं सुख त्या सवयीत होतं.

डिसेंबर २०२१ मध्ये फास्टपासची जागा फोनवरच्या जिनी प्लसने घेतली, सुरुवातीला माणशी दिवसाला २० डॉलर. २०२४ मध्ये तिचं नाव लाइटनिंग लेन मल्टी पास झालं आणि त्याच वर्षी एका दिवसासाठी ३०० ते ४०० डॉलरचा प्रीमियर पास आला. गर्दीच्या दिवसांचं एका पार्कचं तिकीटही २०० डॉलरच्या वर गेलं. एवढे पैसे मोजलेला माणूस रमतगमत फिरेल कसा? त्याला दर मिनिट वसूल करायचं असतं. हातात फोन, डोक्यात पुढची वेळ. त्याच्या डोक्यावर मेन स्ट्रीटच्या खिडक्या असतात आणि कानावर टेलिग्राफची टकटक पडत असते, पण तिकडे लक्ष द्यायला त्याला सवडच नसते. जिथे साडेचार मिनिटांच्या फेरीवरून मालक संतापला होता, तिथे आता मिनिटं वेगळी विकायला ठेवली आहेत.

मे २०२४ मध्ये ॲनाहाइमच्या नगरपरिषदेने डिस्नीलँडच्या विस्ताराला अंतिम मंजुरी दिली. कंपनीने दहा वर्षांत किमान १.९ अब्ज डॉलर गुंतवण्याचं मान्य केलं आहे. नव्या राइड्सच्या घोषणा होतच राहतील. जुन्या पाहुण्यांनी त्या आराखड्यांत थोडं वेगळं शोधावं असं मला वाटतं: सावलीतले बाक किती, आरक्षण न करता आणि फोन न काढता बसता येतील अशा संथ राइड्स किती, आणि टुमॉरोलँडवरच्या त्या रिकाम्या मार्गाचं पुढे काय करणार आहेत.