भारतीय क्रिकेट संघाचा ऑस्ट्रेलिया दौरा, २०२०–२१ (ठाणे जिल्ह्याच्या संदर्भात)

भारतीय पुरुष क्रिकेट संघाने नोव्हेंबर २०२० ते जानेवारी २०२१ या काळात ऑस्ट्रेलियाचा दौरा करून तीन एकदिवसीय, तीन ट्वेंटी-२० आणि चार कसोटी सामने खेळले. एकदिवसीय मालिका ऑस्ट्रेलियाने, तर ट्वेंटी-२० मालिका भारताने जिंकली. परंतु हा दौरा लोकांच्या लक्षात राहिला तो बॉर्डर-गावसकर चषकाच्या कसोटी मालिकेमुळे. पहिल्याच कसोटीत ३६ धावांत गारद झालेल्या आणि पुढे एकेक प्रमुख खेळाडू गमावत गेलेल्या संघाने ही मालिका २–१ अशी जिंकली.

ठाणे जिल्ह्याच्या क्रीडा-इतिहासात या दौऱ्याला वेगळे स्थान आहे. अ‍ॅडलेडच्या पहिल्या कसोटीनंतर संघाची धुरा वाहणारा अजिंक्य रहाणे डोंबिवलीत वाढला. ब्रिस्बेनच्या विजयात मोलाचा वाटा असलेला शार्दूल ठाकूर पालघरजवळच्या माहीम गावचा आणि अ‍ॅडलेडला सलामीला आलेला पृथ्वी शॉ विरारचा. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला, त्यामुळे या दोघांचे बालपणही तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच गेले. रोहित शर्मा बोरिवलीला आजी-आजोबांकडे वाढला असला, तरी त्याच्या आई-वडिलांचे घर डोंबिवलीत होते. मुंबई क्रिकेटचा विचार करताना दादर, माटुंगा आणि शिवाजी पार्क यांच्यापाशी थांबण्याची सवय जुनी आहे. या दौऱ्यानंतर ती सवय टिकवणे अवघड झाले.

दौऱ्यावर करोनाच्या साथीचे सावट होते. संयुक्त अरब अमिरातीतील आयपीएल आटोपून संघ थेट सिडनीला पोहोचला आणि चौदा दिवस विलगीकरणात राहिला. याच दिवसांत मोहम्मद सिराजच्या वडिलांचे हैदराबादला निधन झाले. तरीही तो संघाबरोबर राहिला. अ‍ॅडलेडची प्रकाशझोतातील कसोटी १७ डिसेंबरला सुरू झाली. पहिल्या डावात ५३ धावांची आघाडी घेतल्यानंतर तिसऱ्या दिवशी ऑस्ट्रेलियाच्या जॉश हेझलवूडने ८ धावांत ५ आणि पॅट कमिन्सने २१ धावांत ४ बळी घेत भारताचा दुसरा डाव ३६ धावांत गुंडाळला. भारताची त्याआधीची नीचांकी धावसंख्या ४२ होती. ती १९७४ मध्ये लॉर्ड्सवर अजित वाडेकरच्या संघाच्या नावावर लागली होती. मोहम्मद शमीचा हात मोडला, आणि कर्णधार विराट कोहली पहिल्या अपत्याच्या जन्मासाठी ठरल्याप्रमाणे मायदेशी परतला.

मेलबर्नच्या कसोटीत रहाणेचे नेतृत्व पहिल्या तासातच दिसले. ताज्या खेळपट्टीवर त्याने रविचंद्रन अश्विनला लवकर गोलंदाजी दिली. अश्विनने मॅथ्यू वेडला बाद केले आणि पाठोपाठ स्टीव्ह स्मिथला शून्यावर लेग गलीत चेतेश्वर पुजाराकडे झेल द्यायला लावला. फलंदाजीत रहाणेने २२३ चेंडूंत ११२ धावा केल्या आणि रवींद्र जडेजासोबत १२१ धावांची भागी रचली. जडेजा अर्धशतकासाठीची चोरटी धाव घेत असताना रहाणे धावचीत झाला, तेव्हा राग न दाखवता त्याने जडेजाला शाबासकी देऊनच मैदान सोडले. अ‍ॅडलेडला रहाणेच्याच चुकीच्या हाकेवर कोहली धावचीत झाला होता आणि तिथून डाव कोसळला होता, हे लक्षात घेतले म्हणजे या क्षणाचे महत्त्व कळते. भारताने सामना आठ गड्यांनी जिंकला आणि रहाणे या कसोटीच्या सामनावीराला दिल्या जाणाऱ्या म्युला पदकाचा पहिला मानकरी ठरला.

रहाणेचा खेळ डोंबिवलीत मॅटिंग विकेटवर घडला. टणक मातीवर काथ्याची मॅट ताणून अंथरतात आणि कडांना खिळे ठोकून ती घट्ट बसवतात. गवत व रोलर यांचा खर्च न झेपणाऱ्या मैदानांसाठी ही सोय असली, तरी मॅटवर पडलेला चेंडू मातीच्या खेळपट्टीपेक्षा अधिक उसळतो आणि ही उसळी बऱ्यापैकी एकसारखी असते. अशा ठिकाणी शिकलेला मुलगा मागच्या पायावर जाऊन कट आणि पंच खेळायला लवकर शिकतो. मेलबर्नमधील रहाणेच्या ११२ धावांत हे शिक्षण दिसते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. पुढे सरावासाठी त्याला डोंबिवलीहून सुमारे ५० किलोमीटरवरच्या दक्षिण मुंबईतील मैदानांपर्यंत लोकलने जावे लागे, आणि सकाळच्या जलद गाडीत किटबॅग घेऊन शिरणे म्हणजे काय, हे मध्य रेल्वेच्या प्रवाशांना वेगळे सांगायला नको.

सिडनीची कसोटी अनिर्णित राहिली, तरी मालिकेचा कणा हाच सामना होय. प्रेक्षकांतून झालेल्या वर्णद्वेषी शेरेबाजीची तक्रार सिराजने पंचांकडे केली आणि चौथ्या दिवशी खेळ काही काळ थांबवावा लागला. ४०७ धावांचे लक्ष्य समोर असताना ऋषभ पंतने ९७ आणि पुजाराने ७७ धावा केल्या. पंत आणि त्यामागून पुजारा बाद झाल्यावर हनुमा विहारी मांडीचा स्नायू दुखावलेल्या अवस्थेत आणि अश्विन पाठदुखी सोसत २५९ चेंडू खेळपट्टीवर उभे राहिले. विहारीने १६१ चेंडूंत नाबाद २३ धावा काढल्या. अंगठा निखळलेला जडेजा पॅड बांधून तयार होता. त्याच्यावर मैदानात उतरण्याची वेळच आली नाही. या सामन्यानंतर विहारी, अश्विन, जडेजा आणि जसप्रीत बुमराह हे चौघेही जायबंदी ठरले.

त्यामुळे १५ जानेवारीला ब्रिस्बेनच्या गाबा मैदानावर उतरलेल्या गोलंदाजांचा अनुभव असा होता : सिराज दोन कसोटी, नवदीप सैनी एक, शार्दूल एक, आणि टी. नटराजन व वॉशिंग्टन सुंदर यांचे पदार्पण. शार्दूलची ती एक कसोटीही नावापुरतीच होती. ऑक्टोबर २०१८ मध्ये हैदराबादला केवळ दहा चेंडू टाकून तो दुखापतीमुळे बाहेर पडला होता. गाबावर त्याने पहिल्याच चेंडूवर मार्कस हॅरिसला बाद करून आपला पहिला कसोटी बळी मिळवला. ऑस्ट्रेलियाच्या ३६९ धावांना उत्तर देताना भारत ६ बाद १८६ असा अडचणीत आला, तेव्हा तो आणि सुंदर यांनी १२३ धावांची भागीदारी केली. शार्दूलने कमिन्सला षटकार मारून खाते उघडले आणि अर्धशतकही नेथन लायनला षटकार ठोकूनच पूर्ण केले. ती फटकेबाजी आंधळी नव्हती. ११५ चेंडूंतील त्याच्या ६७ धावांत सरळ बॅटने खेळलेले संयमी तासही आहेत. भारताच्या त्या डावातील ही सर्वोच्च धावसंख्या ठरली आणि ऑस्ट्रेलियाची आघाडी ३३ धावांवर आली. मायदेशातून कोहलीने ट्विटरवर मराठीत दाद दिली : ‘तुला परत मानला रे ठाकूर’. दुसऱ्या डावात सिराजने ५ आणि शार्दूलने ४ बळी घेतले.

शार्दूलची वाटचालही लोहमार्गावरूनच झाली. चर्चगेट-डहाणू लोकल २०१३ मध्ये सुरू झाली. त्याआधी पालघरकरांची भिस्त शटल आणि पॅसेंजर गाड्यांवर असे. प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याला बोरिवलीच्या शाळेत आणले आणि आपल्या घरी राहायला जागा दिली. शाळेकडून खेळताना हॅरिस शील्ड या आंतरशालेय स्पर्धेत त्याने एका षटकात सहा षटकार मारले होते. मुंबईपासून दूर राहणाऱ्या मुलाच्या बाबतीत गुणांइतकाच राहण्याच्या जागेचाही प्रश्न असतो, आणि तो न सुटल्यामुळे किती मुले मागे पडली असतील याची नोंद कुठेही नसते.

शेवटच्या दिवशी, १९ जानेवारीला, भारतासमोर ३२८ धावांचे लक्ष्य होते. शुभमन गिलने ९१ धावा काढल्या, पुजाराने अंगावर चेंडू झेलत २११ चेंडूंत ५६ धावा केल्या आणि पंतने नाबाद ८९ धावा करत तीन गडी राखून विजय मिळवून दिला. गाबावर ऑस्ट्रेलिया १९८८ नंतर प्रथमच हरला. ठाणे-डोंबिवलीत तो मंगळवार होता. सर्वसामान्य प्रवाशांसाठी लोकल १ फेब्रुवारीपर्यंत बंदच होती, त्यामुळे एरवी सामन्याचा धावफलक गाडीतल्या गर्दीत विचारत जाणारे अनेक नोकरदार घरून काम करत पहाटेपासून सामना पाहत होते. सामन्यानंतर रहाणेने शंभरावी कसोटी खेळलेल्या लायनला भारतीय खेळाडूंच्या सह्या असलेली जर्सी भेट दिली आणि चषक नटराजनच्या हाती सोपवला.

जून २०२३ मध्ये ओव्हलवर झालेल्या जागतिक कसोटी अजिंक्यपद स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पुन्हा ऑस्ट्रेलियाच समोर होता. भारत ६ बाद १५२ असा कोसळला असताना रहाणे (८९) आणि शार्दूल (५१) यांनी सातव्या गड्यासाठी १०९ धावा जोडल्या. मात्र हा सामना भारताने २०९ धावांनी गमावला.