‘जपून वापरा’ एवढं लिहून भागलं नाही

जुना रंग पट्टीने खरवडायला बसलं की दिवस जातो. तेच मिथिलीन क्लोराइड असलेलं पेंट रिमूव्हर फासलं, तर थोड्याच वेळात रंगाला सुरकुत्या पडतात आणि पोपडे सुटू लागतात. या द्रवाचा रेणू अगदी लहान असतो. तो रंगाच्या थरात शिरतो, थर फुगतो आणि खालच्या लाकडाला किंवा धातूला धरून राहू शकत नाही. शिवाय हा द्रव सहजासहजी पेट घेत नाही, त्यामुळे कारागिरांना तो सुरक्षितही वाटायचा. डायक्लोरोमिथेन हे त्याचं दुसरं नाव.

युरोपीय संघाने आणि अमेरिकेने मात्र त्याला कायद्याने आवर घातला. डब्यावर ठळक सूचना छापून का भागलं नाही, याचं उत्तर या द्रवाच्या गुणधर्मांतच आहे.

तो सुमारे 40 अंश सेल्सिअसला उकळतो, म्हणजे साध्या खोलीतही भराभर उडून जातो. त्याची वाफ हवेच्या जवळपास तिप्पट जड असते आणि खाली साचते. आता बाथटबचा रंग काढणारा कामगार डोळ्यांसमोर आणा. न्हाणीघर लहान, खिडकी असली तर असली, आणि तो टबात वाकून काम करतोय. दहा घनमीटरच्या बंद खोलीत फक्त 100 मिलिलिटर द्रव उडाला तर सुमारे 37 लिटर वाफ तयार होते. हवेच्या दर दहा लाख भागांत तिचे 3,700 भाग झाले. अमेरिकेत कामाच्या जागी दिवसभराची सरासरी मर्यादा 1997 मध्ये 25 भाग ठरवली गेली, आणि 2,300 भागांना जिवाला तत्काळ धोका मानतात. हा हिशेब वाफ खोलीभर सारखी पसरली असं धरून केलेला आहे. टबाच्या तळाशी ती याहून दाट असते.

वास आला की बाहेर पडू, असं वाटू शकतं. पण त्याचा वास जाणवू लागतो तोवर बहुधा ही मर्यादा कितीतरी पटींनी ओलांडलेली असते. साध्या कोळशाच्या फिल्टरचा मास्क या वाफेपुढे लवकरच निकामी होतो, म्हणून बाहेरून शुद्ध हवा पुरवणारी यंत्रणा लागते. नेहमीच्या रबरी हातमोज्यांतूनही तो काही मिनिटांत आरपार जातो.

शरीरात गेल्यावर तो आधी मेंदूवर भुलीसारखा परिणाम करतो. गरगरतं, विचार मंदावतो, आणि उठून बाहेर जायचं भान सुटतं. दुसरीकडे यकृतातली विकरं त्याचं रूपांतर कार्बन मोनॉक्साइडमध्ये करतात. हा वायू हिमोग्लोबिनला घट्ट चिकटतो आणि रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते. चरबीत साठलेला द्रव सावकाश बाहेर येत राहतो, त्यामुळे मोकळ्या हवेत आल्यानंतरही हा वायू काही तास तयार होतच असतो. आधीच हृदयविकार असलेल्याला हे फार महागात पडतं. कर्करोगाची शक्यता वेगळीच: आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या द्रवाला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवलं आहे.

युरोपीय संघाचा निर्णय 2009 चा. वजनाने 0.1 टक्का किंवा त्याहून जास्त डायक्लोरोमिथेन असलेली रिमूव्हर्स सामान्य ग्राहकांना आणि व्यावसायिक रंगाऱ्यांना विकणं डिसेंबर 2011 नंतर बंद झालं. कारखान्यांतला वापर कडक अटींवर चालू राहिला, आणि प्रशिक्षित व्यावसायिकांना सूट द्यायची मुभा सदस्य देशांना मिळाली.

अमेरिकेत वेळ लागला. 2000 ते 2011 या काळात बाथटबचं काम करणाऱ्या 13 जणांचे मृत्यू तिथल्या आरोग्य यंत्रणेने 2012 मध्ये नोंदवले होते. पर्यावरण संरक्षण संस्थेने बंदीचा प्रस्ताव मांडला तो जानेवारी 2017 मध्ये, आणि तोही रेंगाळला. त्याच वर्षी आणखी तरुण या कामात दगावले. त्यांच्या घरच्यांनी पाठपुरावा केला आणि मोठ्या दुकानांनी कायद्याआधीच हे डबे विक्रीतून काढायचं जाहीर केलं. 2019 चा नियम आला खरा, पण त्याने फक्त घरगुती ग्राहकांची विक्री थांबवली. मला हा नियम अन्यायाचा वाटतो. 1980 ते 2018 दरम्यान या द्रवाने झालेल्या ज्या 85 मृत्यूंची नोंद संशोधकांना सापडली, त्यांपैकी 74 कामाच्या ठिकाणचे होते. ज्यांना सर्वांत जास्त धोका, तेच कायद्याबाहेर राहिले. 2024 च्या नियमाने अखेर बहुतेक व्यावसायिक वापरही टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरवलं.

पर्याय निवडतानाही डोळे उघडे हवेत. काही उत्पादकांनी एन-मिथिल पायरोलिडोन वापरलं, पण ते गर्भाला घातक असल्याने युरोपीय संघाने 2018 मध्ये त्यावरही निर्बंध आणले. बेंझिल अल्कोहोलची रिमूव्हर्स तुलनेने सौम्य आहेत; ती लावून कित्येक तास थांबावं लागतं आणि हवा खेळती ठेवावी लागतेच. यांत्रिक घासकाम करायचं, तर जुन्या रंगात शिसं आहे का हे आधी तपासावं, कारण कोरडं घासल्यावर तेच धूळ होऊन श्वासात जातं.